लक्ष्मीबाई टिळक : लेखनामागील प्रेरणा

लेखनाची प्रेरणा हा एखादा दिव्य क्षण असतो, अशी तुमची समजूत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र पाहा. त्यांचा जन्म 1868चा, नाशिकजवळील जलालपूरचा. विवाहानंतर त्यांना अक्षरओळख झाली, तीही पतीकडून. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या वर्षांतील दुःख त्यांनी पद्यात मांडले. पुढे 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

1919 मध्ये टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. त्याचे पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. नंतर मुलगा देवदत्त याने वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या. येथे थोडे थांबा. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र मुळात दुसऱ्याच्या चरित्राची सामग्री म्हणून लिहिले जात होते! पतीच्या तापट, विसराळू स्वभावाच्या हकिकती सांगताना लेखिकेला स्वतःचे जीवन सापडत गेले. तक्रारीची जागा विनोदाने घेतली. पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. 1936 मध्ये त्यांचे निधन झाले. चौथा भाग अपुराच होता; तो देवदत्तांनी पूर्ण केला.