ड्रॉवर न उघडता

टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? नवं यंत्र आलं की ते नको तिथे डोकावणार, हे ओळखलेला माणूस तुमच्या पणजोबांच्याही आधीचा. लुई ब्रँडाइस, जन्म १८५६, अमेरिकेतलं लुईव्हिल.

१८९० मध्ये हातात मावणारा कोडॅक कॅमेरा नवाच होता आणि पेपरवाले लोकांच्या घरातल्या गोष्टी छापत होते. वकील असलेल्या ब्रँडाइस यांनी मित्र सॅम्युएल वॉरनसोबत लेख लिहिला, की खासगीपणा हा हक्क आहे आणि कायद्याने तो जपावा.

१९१६ साली ते सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले. १९२८ मध्ये ओल्मस्टेड या चोरट्या दारूवाल्याची केस आली. सरकारी माणसांनी बाहेरून तारा जोडून त्याचे फोन महिनोन्महिने ऐकले होते. घरात शिरलेच नाहीत, मग झडती कसली, असं पाच न्यायाधीशांचं मत पडलं. ब्रँडाइस विरोधातल्या चौघांत होते. उद्या ड्रॉवर न उघडताही आतले कागद वाचता येतील, हे त्यांनी तेव्हाच बजावलं.

१९४१ मध्ये ते गेले. १९६७ मध्ये त्याच कोर्टाने आपली भूमिका बदलली. २०१७ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालातही १८९० च्या लेखाची दखल आहे.

ओल्मस्टेडला कुणी विचारलं नव्हतं. तुमचा फोन निदान विचारतो, तुम्हीच न वाचता ‘अलाऊ’ दाबता. आज सेटिंग्जमधल्या परमिशन्स उघडा. लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट्स: ज्या अ‍ॅपला गरज नाही, त्याचं बंद करून टाका.