कोतळूकचे नामदार

महिला मंडळ म्हणा, बचत गट म्हणा, निवेदन हा शब्द आता आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलाय. टँकरसाठी निवेदन, बंद झालेल्या एस.टी.साठी निवेदन, शाळेच्या गळक्या छपरासाठी निवेदन. साहेब कागद घेतात, पोच मिळते आणि पुढे कित्येकदा काहीच होत नाही. मग पुढच्या मीटिंगला कुणीतरी विचारतेच की, आपल्या कागदाला विचारतो कोण? रत्नागिरीत मंडळाचं काम करताना हा प्रश्न मी खूपदा ऐकलाय. अशा वेळी मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण होते. त्यांनी सारं आयुष्य अशा कागदांत घालवलं आणि दुसऱ्यांनाही हे काम शिकवलं. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

शाळेच्या पुस्तकात गांधीजींचे राजकीय गुरू एवढीच त्यांची ओळख होते. पण ते आपले कोकणातले. गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कागलला नोकरीला होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा १३ वर्षांचा. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी शिक्षण सोडलं आणि १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणाला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर कसं चाललं असेल, ते वहिनींनाच ठाऊक. पुढे कॉलेजच्या फीसाठी याच वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले. चरित्रांमध्ये अशा वहिनी एका वाक्यात येतात आणि जातात. पण मैत्रिणींनो, सोनं मोडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१८८४ साली गोपाळराव बी.ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, पण ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन कॉलेजात अल्प पगारावर शिकवू लागले. तिथेच त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. रानड्यांनी त्यांना सार्वजनिक सभेच्या कामाला जुंपलं. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, लोकांच्या वतीने सरकारला अर्ज लिहायचे. मजकूर मनासारखा उतरला नाही तर रानडे तो पुन्हा लिहायला लावत. सरकार दोन ओळींत उत्तर देतं, मग एवढी मेहनत कशाला, असं एकदा तरुण गोखल्यांच्या मनात आलंच. रानड्यांनी त्यांना समजावलं की अर्जावर नाव सरकारचं असलं तरी तो खरा लोकांसाठी असतो. आपल्या प्रश्नाचा विचार कसा करायचा, हे लोक त्यातून शिकतात.

१८९७ साली गोखले लंडनला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. उलटतपासणीत हा तरुण मास्तर जराही डगमगला नाही, कारण आकडे पक्के होते. पण त्याच मुक्कामात एक घाव बसला. पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरं तपासणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली. त्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रातून मांडलं. सरकारने पुरावा मागितला, तेव्हा कुणीही पुढे यायला तयार होईना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं गोखल्यांनी सांगितली नाहीत. परतल्यावर सगळा दोष स्वतःवर घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. दुसरा कुणी सार्वजनिक कामातून कायमचा उठला असता. पण त्यानंतरचे गोखले अधिकच काटेकोर झालेले दिसतात.

आधी मुंबईच्या कायदेमंडळात काम करून १९०२ साली ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तिथे तेव्हा सभासदांनी बजेटवर वर्षातून एकदा बोलायचं, मत द्यायचा अधिकार नाही! तरीही पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिलं की लोक दुष्काळाने गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे कर जास्त आहेत. मिठावरचा कर त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. तेव्हा एका मणामागे अडीच रुपये कर होता. खारातले आंबे, सुके मासे, आमसुलं, मिठावाचून आपल्या कोकणातल्या बाईचं काय चालतं? हा कर १९०३ साली २ रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली १ रुपया झाला. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण तो कागद दरवर्षी पुढे ठेवणाऱ्यांत ते पहिले होते.

हे काम एकट्याने रेटायचं नाही, हेही त्यांनी ओळखलं. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. यात येणाऱ्या तरुणांना पाच वर्षांचं शिक्षण असे. त्यातली तीन वर्षं पुण्यात राहून अभ्यास आणि दोन वर्षं देशभर फिरून लोकांचं जिणं पाहणं. शिकत असताना परवानगीशिवाय भाषण करायचं नाही की पेपरात लिहायचं नाही. आधी वाचा, पाहा, ऐका, मग बोला. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले, तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी वर्षभर देश बघायचा सल्ला दिला होता.

त्यांच्या आयुष्यातली मोठी लढाई मात्र ते हरले. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं, तेही जिथल्या नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची तयारी असेल तिथेच. सक्ती आधी मुलग्यांना आणि मुलींचं पुढे. हे आज आपल्याला खटकतं, खटकायलाच हवं. पण सरकारला तेवढंही जड गेलं. वर्षभर गोखल्यांनी सभा घेतल्या, मतं गोळा केली, प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिलं. मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूने १३, विरुद्ध ३८. प्रकृती आधीच ढासळलेली होती, मधुमेह होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते गेले.

मग सगळं वाया गेलं का? १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. आणि २००९ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा साऱ्या देशासाठी झाला, मुलगा-मुलगी असा भेद न ठेवता.

त्यांनी घडवलेल्या माणसांचं पाहा. रायगडकडच्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी १९०९ साली भारत सेवक समाजात आले. पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने वर्षानुवर्षं बोलत राहिले. कामगार बाईला बाळंतपणात रजा आणि पैसे मिळावेत, हे विधेयक त्यांनी १९२४ साली मांडलं. तेही नामंजूर झालं! पण १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला, १९६१ साली देशासाठी झाला आणि २०१७ साली ही रजा २६ आठवड्यांची झाली. आज आपली लेक बाळंतपणाच्या रजेवर घरी येते, त्यामागे असे हरलेले कागद आहेत.

म्हणून मंडळातल्या मैत्रिणींना मी सांगते, निवेदन द्यायच्या आधी अभ्यास करू या. गावात टँकर किती आले, शाळेला निधी किती मंजूर झाला, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतं आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. ऐकीव गोष्ट लिहायची नाही, जिच्या नावावर लिहायचं तिची तयारी आधी विचारायची. मागणी एकच आणि नेमकी ठेवायची. ती ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की विधानसभेची, ते बघायचं. विधानसभेची असेल तर अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदारांना आकड्यांसह कागद द्यायचा आणि त्यावर तारांकित प्रश्न विचारा, असं स्पष्ट सांगायचं. आणि हे सगळं एकट्या अध्यक्षीणबाईंना येऊन भागायचं नाही. दर मीटिंगला दोन नव्या बायकांना हाताशी धरून शिकवायचं, म्हणजे आपण थकलो तरी कागद पुढे जात राहील.

आणि हो, सुट्टीत गुहागरला समुद्रावर जाल, तेव्हा मुलांना कोतळूकचं नाव जरूर सांगा. वहिनींच्या दागिन्यांसकट.