सरखेल आणि मधलं पाणी

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याहून नातू आला तो यादी घेऊनच. दोरीला बांधून समुद्रावर आकाशात उडायचं, केळ्याच्या आकाराच्या रबरी नावेवर बसून लाटांवर आदळायचं, पहाटे डॉल्फिन बघायला जायचं आणि जमलं तर पुढे तारकर्लीला जाऊन पाण्याखाली बुडी मारायची. यादी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी जन्माने रत्नागिरीची. भगवतीच्या किल्ल्यावरून दिसणारा समुद्र बघत लहानाची मोठी झाले. पण समुद्र बघणं वेगळं आणि समुद्रात शिरणं वेगळं. आमच्या आळीतला एक मुलगा भाट्याच्या बाजूला बुडाला, तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दिवसापासून वडिलांनी आम्हा भावंडांना पाण्यात पाऊल टाकायला बंदी केली. पुढे तीच बंदी मी माझ्या मुलावर घातली. तीन पिढ्या समुद्राकाठी राहून आमच्या घरात पोहता येणारं माणूस एकही नाही.

नातवाशी शेवटी तडजोड झाली. उडणं आणि आदळणं नंतर बघू, आधी हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, फळ्यावर या किल्ल्याचं नाव शेकडो वेळा लिहिलं, पण मधलं पाणी ओलांडून तिथे गेले नव्हते. हर्णैच्या बंदरातून किल्ला इतका जवळ दिसतो, की किनाऱ्यावरून हाक मारली तर ओ मिळेल असं वाटावं. तांडेलाने आम्हाला तरंगती जाकिटं चढवायला लावली. होडी निघाली, आणि कठडा घट्ट धरून बसल्या बसल्या मी नातवाला एका पोहणाऱ्या माणसाची गोष्ट सांगू लागले.

तो माणूस म्हणजे कान्होजी आंग्रे. आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडच्या अंगारवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. घाटमाथ्यावरच्या घराण्यातला हा मुलगा वाढला मात्र हर्णैच्या वाळूत, कोळ्यांच्या आणि भंडाऱ्यांच्या मुलांबरोबर. ज्या वयात इतर सरदारांची मुलं घोड्यावर मांड ठोकायला शिकत, त्या वयात याला भरती-ओहोटी समजू लागली असणार. पुढच्या साऱ्या आयुष्याचं भांडवल बहुधा तिथेच जमा झालं.

कान्होजी विशीच्या आतबाहेर असतानाची एक हकीकत परंपरेने चालत आली आहे. कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दीचा जोर होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते आतून फितूर होऊन किल्ला सिद्दीच्या हवाली करण्याच्या बेतात होता. कान्होजींना याचा सुगावा लागला. त्यांनी किल्ल्यावरच्या माणसांना आपल्या बाजूला वळवलं, किल्लेदाराला कैद केलं आणि स्वतः काही सोबती घेऊन सिद्दीवर चाल करून बाहेर पडले. ती चढाई फसली. सोबती मारले गेले आणि कान्होजी सिद्दीच्या हाती सापडले. पण पहारेकऱ्यांना चकवून ते निसटले, पाण्यात उडी घेतली आणि पोहत किल्ला गाठला. मग त्यांनी तो असा लढवला, की सिद्दीला वेढा उठवून परतावं लागलं.

आमची होडी ज्या पाण्यातून डचमळत चालली होती, ते पाणी हेच. वरून दिसतं त्यापेक्षा इथली ओढ जास्त आहे, हे तांडेलाच्या वल्हवणाऱ्या हातांवरून मला कळत होतं. नातू बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. हे पाणी पोहून जायचं तर अंगात नुसता जोर असून भागणार नाही. ओहोटी कधी लागते, ओढ कुठे नेते, खडक कुठे आहेत, हे सगळं त्या मुलाला ठाऊक असलं पाहिजे. धाडसाच्या गोष्टी सांगताना आपण उडीचंच कौतुक करतो. उडीआधी कैक वर्षं चाललेला अभ्यास सांगायचा राहून जातो.

मराठी आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर 1698 च्या सुमारास वारले आणि जबाबदारी कान्होजींकडे आली. सरखेल हा त्यांचा किताब. छत्रपतींचं राज्य त्या वेळी मोगलांशी जिवाच्या कराराने झुंजत होतं. खजिना रिकामा, किनाऱ्यावर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज. अशा काळात या माणसाने आरमार नुसतं टिकवलं नाही, वाढवलं. अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचं मुख्य ठाणं झालं. दक्षिणेला विजयदुर्ग, मध्ये सुवर्णदुर्ग आणि खाड्यांच्या मुखावर लहानमोठे किल्ले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेल, शास्त्रीच्या मुखावर जयगड, मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड. प्रत्येक खाडी म्हणजे गलबतांना लपायला घर आणि शत्रूच्या मोठ्या जहाजांना बंद दार. ही निसर्गाची रचना ओळखून तिच्यावर युद्ध उभं करायचं, ही कान्होजींची खरी बुद्धी.

त्यांची जहाजंही याच पाण्यासाठी बांधलेली. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढे लांब निमुळतं नाक आलेलं आणि त्या नाकाच्या रोखाने तोफा डागणारं. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी हाकायचं. दोन्हींचे तळ उथळ. युरोपीय जहाजं उंच, भक्कम, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा असलेली, पण सगळी मदार वाऱ्यावर. वारा पडला की ती जागच्या जागी. नेमक्या त्या वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची आणि जहाजाच्या पिछाडीला, जिथे तोफा कमी, तिथे गाठायची. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून उलटा येतो, हे हर्णैचा कोणताही कोळी सांगेल. कान्होजींनी या रोजच्या वाऱ्याचं हत्यार केलं. त्यांच्या जहाजांवर कोळी होते, भंडारी होते, मुसलमान होते आणि तोफांवर काही वेळा युरोपीय गोलंदाजही. काम येतं की नाही, एवढंच तिथे पाहिलं जाई.

किनाऱ्यावरून व्यापार करणाऱ्या जहाजांनी सरखेलांचा दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा असा त्यांचा नियम होता. पाणी आमचं, तेव्हा वाटेची फी आमची. पोर्तुगीजही आपले परवाने लोकांवर लादतच होते. इंग्रजांना मात्र हा हक्क मराठ्यांनी सांगावा हे मानवेना. त्यांच्या निशाणाखाली खासगी व्यापाऱ्यांचा मालही जायचा, आणि भांडणाचं मूळ तिथेच होतं. 1712 च्या नोव्हेंबरात कारवारहून मुंबईकडे निघालेली जहाजं कान्होजींनी पकडली. त्यांत मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाही होती. एका जहाजावर कॅथरीन नावाची जेमतेम विशीच्या आसपासची मुलगी होती. तिचा नवरा तिच्यासमोर लढाईत मारला गेला. तिला कुलाब्याला नेण्यात आलं आणि तीस हजार रुपये खंडणी भरल्यावर 1713 च्या सुरुवातीला सोडण्यात आलं. वर्गात मी हा प्रसंग सांगत असे तेव्हा मुली गप्प होत. पराक्रमाच्या कथेत अशी एक विधवाही असते, हे त्यांना ठाऊक असलेलं बरं.

इकडे स्वराज्यातच दोन गाद्या झाल्या होत्या. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच पकडून लोहगडावर ठेवलं. तेव्हा पुढे आले ते श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ. दोघेही कोकणच्या पाण्याचे. लढाईऐवजी बोलणी झाली आणि 1714 च्या आरंभी तह झाला. कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले, सरखेली आणि किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले. त्या तहाने मराठी राज्याला एक मोठी फूट टाळता आली.

पुढची दहा वर्षं म्हणजे एकामागून एक आलेल्या लाटाच. चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने कान्होजींचा नायनाट करायचं मनावर घेतलं. 1717 मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून गेले आणि परतले. 1718 मध्ये खांदेरीवर गेले आणि परतले. 1720 मध्ये एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून पुन्हा विजयदुर्गावर आणला. पण त्याच्या तोफांची भोकं इतकी खाली ठेवली होती, की गोळे किल्ल्यापर्यंत न पोचता पाण्यातच पडू लागले. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. थॉमस मॅथ्यूज हा अधिकारी इंग्लंडच्या राजाची जहाजं घेऊन हजर झाला आणि सर्वांनी मिळून कुलाब्याला हात घातला. शाहू महाराजांनी बाजीराव पेशव्यांना मदतीला धाडलं. दोस्तांमध्ये बेबनाव झाला, पोर्तुगीजांनी 1722 च्या जानेवारीत मराठ्यांशी आपला वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला गेले. 1724 मध्ये डच सात जहाजं घेऊन विजयदुर्गावर आले, तेही तसेच परतले. त्या काळातल्या जगातल्या बलाढ्य दर्यावर्दी सत्ता एका माणसापुढे थकल्या. इंग्रजांनी त्याला समुद्री चोर म्हटलं. आपल्या पाण्यावर पहारा ठेवणाऱ्याला चोर म्हणण्याची सोय लिहिणाऱ्याच्या हाती असते.

1729 च्या 4 जुलैला अलिबागला कान्होजी वारले. समाधी अलिबागलाच आहे. कुठलाही शत्रू त्यांना समुद्रावर हरवू शकला नाही. हरवलं ते नंतर, आपणच. मुलांमध्ये भाऊबंदकी लागली. थोरले सेखोजी लवकर गेले. संभाजी आणि मानाजी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पुढे तुळाजींचं आणि नानासाहेब पेशव्यांचं फाटलं, आणि पेशव्यांनी आंग्र्यांचं पारिपत्य करायला इंग्रजांशी हातमिळवणी केली. 1755 मध्ये इंग्रजी जहाजांनी सुवर्णदुर्ग घेतला. 1756 मध्ये विजयदुर्ग पडला आणि त्या वेढ्यात आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. तुळाजी कैदेत वारले. घरच्या भांडणात आपण आपलीच गलबतं जाळू दिली. त्यानंतर मराठी राज्याने पश्चिम किनाऱ्यावर तसं आरमार पुन्हा उभं केलं नाही. वर्गात हा धडा संपवताना दर वर्षी माझा आवाज अडकत असे.

होडी किल्ल्याशी पोचली. तिथे धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर यायचं. तांडेलाने मला उचलून नेण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, पातळ वर खोचलं आणि स्वतः उतरले. पाणी थंड नव्हतं. पायाखाली वाळू सरकत होती, एवढंच. दरवाज्याच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती बघून झाला. आत रान माजलेलं, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि त्यापलीकडे तटावर आपटणारा समुद्र. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत खांदेरी आणि विजयदुर्गाबरोबर हा सुवर्णदुर्गही आहे. मुंबईत नौदलाचं एक ठाणं आंग्र्यांच्या नावाने आहे. मान मिळाला याचा आनंद आहेच. पण तटावर उभी असताना मला वाटत होतं ते वेगळं. या माणसाला खरं स्मरायचं, तर किनाऱ्यावरच्या मुलांना पाण्याची ओळख हवी.

आपण काय केलं? समुद्र म्हणजे एक तर देखावा, नाही तर भीती. पाहुणे येतात, जाकीट चढवून तासाभराचं धाडस विकत घेतात आणि जातात. त्यात वाईट काही नाही. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात, आणि तेवढ्यानेही मुलांची भीड चेपते. पण पैसे देऊन समुद्राशी ओळख होत नाही. दर वर्षी बाहेरून आलेली तरुण मुलं ओहोटीच्या वेळी, कोळ्यांनी नको म्हटलेल्या जागी पाण्यात शिरतात, आणि आमच्या लहानपणीच्या त्या घरासारखी आणखी काही घरं कायमची गप्प होतात. माझ्या वडिलांची बंदी मायेपोटी होती. पण तिने आम्हाला सुरक्षित केलं नाही, नुसतं अडाणी ठेवलं. ज्याला पाणी कळतं तो पाण्याला मान देतो. कधी उतरायचं याबरोबर कधी उतरायचं नाही, हेही त्यालाच समजतं.

परतताना दुपारचा वारा सुटला होता. होडी चांगलीच हलत होती. नातवाने तांडेलाला वाऱ्याबद्दल, ओढीबद्दल, खडकांबद्दल प्रश्न विचारून हैराण केलं, आणि तांडेलही खुशीत येऊन एकेक सांगत राहिला. उडायच्या आणि आदळायच्या यादीची आठवण त्याला हर्णै येईपर्यंत झाली नाही.

त्या रात्री मी मुलाला पुण्याला फोन लावला. आधी तलावात, चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली पोरगा पोहायला शिकू दे, मग उन्हाळ्यात इथे पाठव, असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. चाळीस वर्षांपूर्वी त्याने हेच माझ्याकडे मागितलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं.