आगीत सगळं जळालं, तरी जॉन मिल्न यांनी जगभर भूकंपाचे पहारेकरी बसवले

आज जगात कुठंही मोठा भूकंप झाला की थोड्याच वेळात मोबाईलवर बातमी येते. केंद्र कुठं, किती रिश्टरचा, सगळं कळतं. पण दीडशे वर्षांपूर्वी भर समुद्रात भूकंप झाला तर त्याचा पत्ताही लागत नसे. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव म्हणजे जॉन मिल्न.

१८५० मध्ये लिव्हरपूलला जन्मलेले मिल्न १८७६ मध्ये खाणकाम आणि भूगर्भशास्त्र शिकवायला टोकियोला पोहोचले. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामा हादरलं आणि मिल्न भूकंपांच्याच मागे लागले. त्याच वर्षी जपानमध्ये भूकंप-अभ्यासाची संस्था उभी राहिली, त्यात त्यांचा पुढाकार होता. जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे या सहकाऱ्यांसोबत त्यांनी भूकंपमापक यंत्रांवरही काम केलं.

१८८९ मध्ये जपानमधल्या एका भूकंपाची नोंद थेट जर्मनीत पॉट्सडॅमच्या यंत्रावर उमटली. म्हणजे हजारो किलोमीटरवरूनही भूकंप टिपता येतो, हे सिद्ध झालं.

१८९५ मध्ये मात्र मिल्न यांचं टोकियोतलं घर आणि वेधशाळा आगीत खाक झाली. वर्षानुवर्षं जमवलेली पुस्तकं, कागदपत्रं गेली. त्याच वर्षी ते पत्नी तोने यांच्यासह इंग्लंडला परतले. वाइट बेटावरच्या शाइड इथं त्यांनी पुन्हा वेधशाळा थाटली आणि जगभर एकाच पद्धतीची यंत्रं बसवण्याचा ध्यास घेतला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही मिल्न यंत्र बसलं.

इतकी ठिकाणं कशाला? भूकंपाच्या काही लहरी वेगानं येतात, काही मागून. दोन्हींमधल्या वेळेवरून केंद्र किती लांब आहे ते कळतं, पण नेमकं कुठं आहे ते कळत नाही. त्यासाठी किमान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात. ही केंद्रं एकाच बाजूला असतील किंवा घड्याळं चुकत असतील, तर भूकंपाची जागाही चुकते.

मिल्न यांच्या जाळ्यात या उणिवा होत्याच. बरीचशी केंद्रं ब्रिटिश साम्राज्यात होती. यंत्रातला कागद इतका हळू सरके, की सेकंदांचा हिशेब लावणं अवघड जाई. दूरचे छोटे धक्के तर सुटूनच जात.

म्हणून त्या काळच्या नकाशावर एखादा भाग कोरा दिसला, तरी तिथं भूकंप झालेच नाहीत असं म्हणता येत नाही. कदाचित तिथलं ऐकायला जवळ यंत्रच नव्हतं. आजही एखादा भाग शांत आहे असं ठरवण्याआधी शास्त्रज्ञ तपासतात, की त्या काळातलं जाळं किती लहान भूकंपापर्यंत खात्रीनं टिपू शकत होतं. धरणं, इमारती कुठं आणि किती मजबूत बांधायच्या, याचा हिशेब यावरही अवलंबून असतो.

३१ जुलै १९१३ रोजी मिल्न यांचं निधन झालं. जगभरच्या नोंदी एकत्र करण्याचं त्यांचं काम पुढे ऑक्सफर्डमध्ये सुरू राहिलं.