ओवीचा परदेशी उपासक

विजयादशमीस पाटी-पोथीचे पूजन करताना एका परधर्मीय विद्याव्रतीचे स्मरण आम्हांस उचित वाटते. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून जलमार्गे गोव्यास आले व साष्टी प्रांतात राहिले. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती. त्याच काळच्या धामधुमीत श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा यांस भक्तांनी अंत्रुज महालात नेले. ते दुःख विसरावे, असे आम्ही म्हणत नाही.

परंतु जेथे पुराणांचा घोष थांबला, तेथेच या पुरुषाने लोकभाषा शिष्यभावाने आत्मसात केली. कोकणीचे व्याकरण त्यांनी पोर्तुगीजमध्ये रचले. ते त्यांच्या पश्चात १६४० साली राशोल येथे छापले गेले. मराठीत त्यांनी ओवी धरली. श्रोत्यांचे कान पुराणश्रवणास सरावलेले आहेत हे जाणून ख्रिस्तचरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफले, स्वर्गास वैकुंठ म्हटले. हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत मुद्रित झाले. १६१९ साली ते निवर्तले.

आमच्या लोकांचा धर्म पालटावयास ते आले. त्यांचा ग्रंथ मात्र आमच्याच भाषेने आपल्या घाटात ओतून घेतला. ओवीचे हे सामर्थ्य परक्याने कष्टाने जोडले. घरच्यांनी ते आळसाने गमावू नये. आज पूजनानंतर मुलांकडून ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या मोठ्याने म्हणवून घ्याव्यात, एवढीच आमची विनंती.