सायकल खाली ठेवून बर्फात गेलेली फॅनी

डिसेंबरात आमच्या मावल्याला जी थंडी पडते, ती हैदराबादच्या माणसाला सांगून पटत नाही. तेलंगणात पारा आधी उतरतो तो आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात. काही पहाटे तो दहाच्या बराच खाली जातो. तलावावर धुकं, हायवेवर दिवे लावून चाललेले ट्रक, आणि आत जंगलाच्या वाटेवर सागाची ताटाएवढी वाळकी पानं. त्यांवरून गिअरची सायकल घातली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. बर्फाच्या जंगलातून सायकल हाकायची हौस मात्र आम्ही मोबाइलवरच भागवतो. सुट्टीत असेच व्हिडिओ बघताना मला प्रश्न पडला, की सायकल आणि बर्फ या दोन्हींच्या मागे लागलेली पहिल्या काळातली बाई कोण असेल? तेव्हा फॅनी बुलक वर्कमन सापडली. तिने बर्फात सायकल चालवली नाही. ती सायकलने हिंदुस्थानभर फिरली आणि सायकल जिथे चालेना तिथून पुढे पायी गेली.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९चा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावी. वडील त्या राज्याचे गव्हर्नर झाले होते, म्हणजे घरी पैशाला तोटा नव्हता. १८८२ साली तिने विल्यम हंटर वर्कमन या डॉक्टरशी लग्न केलं. तो तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. डोंगर चढायची गोडी त्यानेच लावली असं म्हणतात. पुढे त्याला तिच्यामागे धावावं लागलं असेल, असा माझा अंदाज. रेचेल ही मुलगी आणि सीगफ्रीड हा मुलगा, अशी दोन मुलं. नवऱ्याच्या तब्येतीमुळे कुटुंब जर्मनीला गेलं. तिथे १८९३ साली चार वर्षांचा सीगफ्रीड न्यूमोनियाने गेला.

त्यानंतर हे जोडपं घरी असं राहिलंच नाही. आधी अल्जीरिया, मग स्पेन, दोन्ही सायकलवर. त्या काळी दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल नवीनच आलेली होती आणि बाईने ती चालवावी की नाही यावर शहाणी माणसं भांडत होती. फॅनी लांब स्कर्ट घालूनच पॅडल मारायची. रेचेल कुठे होती? बोर्डिंगात आणि दाईकडे. याबद्दल फॅनीला पुष्कळ नावं ठेवली गेली. विल्यमला कोणी ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही.

१८९७च्या अखेरीला दोघं सिलोनला उतरली आणि हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे निघाली. ब्रह्मदेश, जावा धरून एकूण प्रवास चौदा हजार मैलांचा. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९०४ साली निघालं. मुक्काम डाकबंगल्यात, नाहीतर स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये. एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढल्याचं ती दोघं सांगतात. मावला ते आदिलाबाद एवढ्या अंतरात एक बाभळीचा काटा घुसला तरी माझा जीव जातो, म्हणून हा आकडा मी दोनदा वाचला. निघण्यापूर्वी त्यांनी रामायण-महाभारत वाचलं होतं, देवळं आणि लेणी बघायची त्यांना फार ओढ. जिवंत माणसांत मात्र ती फारशी मिसळली नाहीत. आणि वर्ष कोणतं, तर मुंबई इलाख्यात प्लेग आणि नुकताच सरलेला दुष्काळ. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करत होत्या आणि त्यांना केडगावला आणत होत्या. एका मुलखातल्या दोन बाया, दोघी हट्टी. एक दगडातली नक्षी बघत होती, दुसरी माणसं. मी रमाबाईंच्या बाजूची, हे लपवत नाही.

१८९८च्या उन्हाळ्यात मैदानी ऊन सोसेना म्हणून दोघं काश्मीर-लडाखकडे गेली, आणि इथे फॅनीचं आयुष्य वळलं. सायकलचं खूळ मागे पडलं. १८९९ साली काराकोरममध्ये ती एकामागून एक शिखरं चढली. त्यातल्या एकाला तिने मुलाचं नाव दिलं, सीगफ्रीडहॉर्न. दुसऱ्याला स्वतःचं. तिसरं जवळजवळ एकवीस हजार फूट, तोवर कोणतीही बाई एवढी उंच गेली नव्हती. १९०६ साली नुन-कुन डोंगरांतलं पिनॅकल शिखर तिने सर केलं तेव्हा ती ४७ वर्षांची होती. उंची आजच्या मापाने ६,९३० मीटर. बायकांमधला हा विक्रम १९३४पर्यंत कोणी मोडला नाही.

मोडल्याचा दावा मात्र झाला होता. ॲनी पेक ही दुसरी अमेरिकन बाई १९०८ साली पेरूमधलं उआस्करान चढली आणि ते आपल्या शिखरापेक्षा उंच असावं असं म्हणू लागली. फॅनीने काय करावं? स्वतःचे तेरा हजार डॉलर खर्चून फ्रेंच मोजणीदार पेरूला पाठवले! उंची भरली २१,८१२ फूट. पेक हरली. मला आधी हसू आलं, मग वाटलं, की ज्या काळी बाईच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, त्या काळी फुटांचा आकडा हाच तिचा साक्षीदार होता.

पण याच आकड्यांखाली हमाल होते. सामान बाल्टी आणि काश्मिरी माणसांच्या पाठीवर असे, आणि फॅनी त्यांच्याबद्दल वाईट लिहिते: आळशी, चोर, भित्रे. ते अर्ध्यातून निघून जात. का जात असतील, बर्फात त्यांच्या पायांत काय होतं, हे विचारणं तिला जमलं नाही. सायकलवरची फॅनी मला आवडते. हमालांवर खेकसणारी आवडत नाही, आणि ती एकच बाई आहे.

१९१२ साली ती सियाचिनवर होती. जिथे १९८४पासून आपले जवान पहारा देतात, ती सत्तर किलोमीटरांहून लांब हिमनदी तिने तेव्हा पायी हिंडून नकाशावर आणली. सोबतचा सेझारे शेनोझ हा इटालियन हमाल तिच्यासमोरच बर्फाच्या भेगेत पडला. बाहेर काढला, पण वाचला नाही. मोहीम थांबली नाही. जवळजवळ एकवीस हजार फुटांवरच्या पठारावर तिने फोटो काढून घेतला. हातात वर्तमानपत्र, त्यावर बायकांना मत द्या अशा अर्थाची मोठी अक्षरं. अमेरिकेत हा हक्क देशभर मिळायला अजून आठ वर्षं होती.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. २२ जानेवारी १९२५ रोजी ती फ्रान्समध्ये कान शहरी वारली. मृत्युपत्रात सव्वा लाख डॉलर बायकांच्या चार कॉलेजांना ठेवले होते. विल्यम १९३७ साली गेला. दोघांचं स्मारक वुस्टरला आहे. त्यावर दोघांनाही हिमालयाचे आद्य शोधक म्हटलंय. बायकोला नवऱ्याएवढंच श्रेय, हे त्या काळी सोपं नव्हतं. आद्य हा शब्द मात्र सियाचिनला आधीपासून नाव देऊन बसलेल्या बाल्टी लोकांनी वाचला असता, तर ते हसले असते.