दंतवैद्य होरेस वेल्स

आमच्या खालापूर-कर्जतकडील खेड्यांतून दाढ ठणकू लागली म्हणजे प्रथम लवंग धरावी, मग मिश्री लावावी, आणि गाल सुजून डोळा मिटेपर्यंत दवाखान्याचे नाव काढू नये, असा परिपाठ पुष्कळ घरी आहे. ह्याचे कारण बहुधा भय होय. चिमट्याच्या भयाने चांगले धट्टेकट्टे गृहस्थ खोपोलीच्या वाटेवरून माघारी फिरलेले आम्ही पाहिले आहेत, व त्यांस हसावे असे आम्हांस वाटत नाही. अशा रुग्णांकरिता ज्यांनी आधी स्वतःची दाढ पुढे केली, त्या होरेस वेल्स ह्यांची हकीकत आज सांगतो.

वेल्स ह्यांचा जन्म 21 जानेवारी 1815 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांती झाला. 1836 साली त्यांनी कनेटिकट प्रांतातील हार्टफर्ड शहरी दंतवैद्याचा धंदा मांडिला. हाताखाली काम चांगले चाले. परंतु खुर्चीत बसलेल्या माणसाच्या वेदना पाहून त्यांचे मन विटे.

10 डिसेंबर 1844 च्या रात्री त्या शहरी कोल्टन नामक गृहस्थांनी नायट्रस ऑक्साइड ह्या वायूचा खेळ केला. हा वायू हुंगिला असता मनुष्य हसतो, नाचतो, म्हणून लोक त्यास हसविणारा वायू म्हणत. त्याने वेदना शमते असे डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1800 सालीच लिहून ठेविले होते. तरी चव्वेचाळीस वर्षे तो बहुतेक करमणुकीपुरताच राहिला! त्या रात्री कूली नावाच्या तरुणाचा पाय बाकावर आपटून रक्त निघाले, आणि त्यास त्याची दादही नव्हती. वेल्स ह्यांनी हे हेरिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्टन ह्यांजकडून वायू घेऊन रिग्ज नामक सहव्यवसायी मित्राकडून आपली दाढ उपटविली. दुखले नाही.

पुढे कित्येक रुग्णांवर हा उपाय साधल्यावर जानेवारी 1845 मध्ये ते बोस्टन येथे गेले व वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपुढे प्रयोग करू लागले. वायूची पिशवी वेळेपूर्वी दूर झाली आणि रुग्ण ओरडला. फारसे दुखले नाही असे त्याने मागाहून सांगितले, पण तोवर सभेने वेल्स ह्यांस लबाड ठरविले होते. चूक वायूची नव्हती, मापाची होती. आणि तेव्हा माप ठेवण्याचे यंत्रच नव्हते.

ह्या अपमानाने त्यांची प्रकृती ढासळली. 16 ऑक्टोबर 1846 रोजी त्यांचेच पूर्वीचे शिष्य मॉर्टन ह्यांनी बोस्टन येथे ईथर देऊन शस्त्रक्रिया निर्वेदन करून दाखविली, तेव्हा सारा मान तिकडे गेला. वेल्स न्यूयॉर्कास जाऊन क्लोरोफॉर्म स्वतःवर पारखू लागले, त्यात बुद्धीस भ्रंश झाला, व त्या भरात त्यांनी रस्त्यात दोन स्त्रियांवर तेजाब फेकिले. ही गोष्ट झाकण्याजोगी नाही. शुद्धीवर आल्यावर तुरुंगात 24 जानेवारी 1848 रोजी त्यांनी आपला प्राण घेतला. वय अवघे तेहतीस. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संस्थेने त्यांचा अग्रमान 1864 साली मान्य केला.

वायू मात्र मेला नाही. 1863 पासून कोल्टन ह्यांनीच तो दंतचिकित्सेत पुन्हा चालू केला. हल्ली तो प्राणवायूत मिसळून, यंत्राने मापून, नाकावरील मुखवट्यातून देतात. रुग्ण जागा राहतो, बोलतो, पण धास्ती ओसरते, व वायू बंद करताच काही मिनिटांत अंमल उतरतो. दाढेभोवती बधिरतेची सुई बहुधा घ्यावीच लागते. परंतु ती घेण्याचे धैर्य येते. ज्यांचे भय अधिक, त्यांस आधी गोळी किंवा शिरेतून औषध देतात. अशा वेळी डॉक्टर सांगतील तितका वेळ उपाशी राहावे, घरचे माणूस बरोबर न्यावे, आणि त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये. अगदीच निरुपाय झाला तर पूर्ण भूल, पण ती भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. ही साधने प्रत्येक दवाखान्यात नसतात, म्हणून दिवस ठरवितानाच विचारावे. चोंदलेले नाक, गरोदरपण, दमा, हृदयविकार, चालू असलेल्या गोळ्या, आणि भीती वाटते हेही, खुर्चीत बसण्यापूर्वी सांगावे.